तुझा फ्लेक्स मी उतरवला

शालन, तुझा फ्लेक्स मी विळ्यानं कापून खाली पाडला. गल्लीला वाटतंय, बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वाटू दे. ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत जायच्या आत मीच सांगावी म्हणून लिहायला बसलोय. माझं लिहिणं तुला माहीत आहे. उद्यमनगरच्या फाउंड्रीत जन्म गेला, वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतत. कागदावर सहीपलीकडं कधी काय ओतलं नाही. चुकलं तर हस, पण आधी ऐकून घे.

केवढा मोठा फ्लेक्स, काय सांगू! राजारामपुरीच्या आपल्या गल्लीच्या तोंडाला, दोन खांबांच्या मधे. वर तू. तुझ्या मागं ढग, ढगातनं उजेड. फोटो लेकीच्या साखरपुड्यातला, नथ घातलेला. ती नथ तू शेजारणीची मागून आणलेली आणि नाक दुखतंय म्हणून दिवसभर माझं डोकं खाल्लेलं. तुझ्या खाली हात जोडलेले मोठे साहेब, त्यांच्या खाली छोटे साहेब, त्यांच्या खाली ज्यांना अजून साहेब व्हायचं आहे ते. त्यातल्या एकानं काळा गॉगल तसाच ठेवून हात जोडले होते. मेलेल्या बाईपुढं गॉगल! शिसारी आली मला. पण तेवढ्यासाठी मी विळा काढला नसता. या गावात राहायचं तर शिसारी गिळायची सवय लागते.

सगळ्यात खाली गोल गोल चौकटीत पोरांचे फोटो होते. तुझ्या पोरांचे. वर लिहिलेलं, ‘गुन्हेगारीच्या चिखलातून माउलीने वेचलेले हिरे’. आणि पहिल्याच गोलात आपला ओंकार. नावानिशी, आडनावानिशी. इथं मी त्याला ओंकार म्हणतोय, ते त्याचं नाव नव्हे. तुला कळतंय कोण ते. बाकीच्यांना कळायची गरज नाही. तेवढ्यासाठीच तर सगळा तमाशा झाला.

हे सगळं सुरू झालं ते तुझ्या जिभेमुळं. गल्लीतल्या सुताराच्या पोराला मोटारसायकल चोरली म्हणून धरलं, त्याची आई घाबरली आणि तू तिच्याबरोबर बाल न्याय मंडळापुढं गेलीस. तिथं बाकड्यावर पोरं बसलेली, मान खाली घालून. तू त्यातल्या एका अनोळखी पोराच्या पाठीत धपाटा घातलास, “सरळ बस की रं, कुबड येईल.” प्रोबेशनच्या मॅडम तिथंच उभ्या होत्या. त्या रागावतील असं तुला वाटलं, तर त्यांनी तुझा पत्ताच मागून घेतला. रिमांड होममधनं देखरेखीवर सुटलेल्या पोरांना आठवड्यातनं एकदा भेटायला त्यांना साधी माणसं हवी होती.

घरी येऊन तू मला सांगितलंस, तेव्हा मी म्हटलं, “तुला त्यातलं काय येतंय?”

“बोलायला येतंय की. तुमच्यासंगं इतकी वर्षं भिंतीशी बोलल्यागत बोललो. ते तर पोरगं हाय, कवातरी उलटून बोलंल.”

असल्या पोरांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हॉलमध्ये तू एकदाच गेलीस. तिथं पोरांना खुर्च्यांवर गोल बसवून, रंगीत कागद देऊन ‘तुझं ध्येय काय’ ते काढायला सांगत होते. परत आलीस ती कपाळाला हात लावूनच. “पोराला इचारत्यात, तुला आत काय वाटतंय. त्याला काय वाटणार? संडासला जावं वाटणार.” मग तू तुझी पद्धत काढलीस. मॅडमना सरळ सांगितलंस, “मी पोराच्या घरी जाणार. पावणी म्हणून.”

मॅडमना कळलं नाही. मलाही नाही. तू चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता मला समजावलंस, “पोरगं रिमांड होमला जाऊन आलं की त्या घरात पयलं काय बंद हुतंय, ठावं हाय? पावणं. मामा येत न्हाई, आत्या येत न्हाई. पावणं येत न्हाईत म्हणून कोण घर झाडत न्हाई, घर झाडत न्हाईत म्हणून पोरगं लोळतंय, लोळतंय म्हणून पुन्हा त्याच टोळक्यात जातंय. आपुन पावणं व्हायचं. बाकी काय न्हाई.”

ओंकारच्या घरी पहिल्यांदा गेलो तो दिवस मी विसरायचो नाही. ओढ्याकडेची वस्ती, मी स्कूटर ढकलत, तू ठेवणीतलं लुगडं नेसून पुढं. नळावर बायका पाणी भरत होत्या. तू मुद्दाम घसा काढून विचारलंस, “ओंकारचं घर कुठलं वो? मी त्याची मावशी, मुरगूडाकडनं आलो.”

“त्या ओंक्याची?” एकीनं तोंड वाकडं केलं.

“मग कुणाची? तुमची?”

आत पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलेलं, मोबाईल छातीवर. आई बिचारी पदर सावरत उभी. तू खाली बसलीस आणि हुकूम सोडलास, “ऊठ. पावणी आल्या, दूध आण जा.”

आई म्हणाली, “कोरा करतो की ताई.”

“मला कोरा चालत न्हाई. आणि पिशवीचं नको, गवळ्याकडचं सुट्टं आण. भांडं घेऊन जा.”

पोरानं तुझ्याकडं असं बघितलं की मी स्कूटरची किल्ली हातात घट्ट धरली. पण गेलं. किती वेळ आलं नाही. आईला वाटलं, पळालं. तू जमिनीवरची शेंगदाण्याची फोलपटं वेचत बसलीस, जसं काय घरातलीच. शेवटी आलं, निम्मं दूध वाटेत सांडून. चहा पिऊन तू म्हणालीस, “पाणचट हाय. गवळ्याला सांग, मावशी नाव ठेवती.” परत येताना मी तुला झापलं, दुसऱ्याच्या घरी जाऊन दुधाला नावं ठेवतीस? तू मागच्या सीटवर हसत होतीस. “अवो, पोरगं भांडं घेऊन वस्तीतनं गेलं. किमान चार जणांनी इचारलं असंल, दूध कशाला रं? त्यानं काय सांगितलं असंल? घरी पावणं आल्यात म्हणून. आज कितीतरी दिसांनी त्यानं कुणालातरी काय चांगलं सांगितलं.”

पुढच्या खेपेला दूध घट्ट होतं. पोरानं गवळ्याशी भांडण काढलेलं. “मावशी, त्याला म्हटलं, पावण्यांम्होरं लाज काढलीस माझी.” तू मला चिमटा काढलास, मांडीला अजून आठवतंय.

असं करत अख्ख्या गावात तू कुणाकुणाची मावशी झालीस. कुठं चुलत, कुठं लांबची. मी फुकटचा काका. दर रविवारी कुणाच्या तरी घरी भिंतीला टेकून बसायचं, चहा प्यायचा, आणि “पावसाचं काय म्हणणं” असं काहीतरी बोलायचं. तू मात्र त्यांच्या आयांबरोबर लसूण सोलत जगाच्या गप्पा मारायचीस आणि पोरगं मधेच काहीतरी बोलून जायचं. त्यानं काय केलं ते तू एकदाही विचारलं नाहीस.

पण मला माहीत होतं, शालन, आणि माझ्या घशाखाली ते उतरत नव्हतं. ओंकारनं काय आंबे चोरले नव्हते. टोळक्याच्या मारामारीत त्यानं एका पोराच्या तोंडावर गज घातला, त्या पोराचा एक डोळा गेला. मला त्या घरचा चहा गोड लागायचा नाही. कप तोंडाला लावला की मला तो गज दिसायचा. एकदा मी तुला बोललोच, “ह्याच्या घरी तू पावणी. आणि ज्याचा डोळा गेला, त्याच्या घरी कोण जाणार? तिथं तर लोकांनी दोन दिवस हळहळून पाठ फिरवली असंल.”

तू भांडी घासत होतीस. दुसऱ्या दिवशी एकटीच बसनं गेलीस त्या घरी. त्या पोराच्या आईनं तुला दारातूनच घालवलं. तू पायरीवर बसून राहिलीस, तर आतनं तिनं पाण्याची बादली आणून पायरी धुवायला घेतली, तू उठावंस म्हणून. तू घरी आलीस ती भिजलेल्या लुगड्यानं, आणि जेवली नाहीस. “तिचं बरोबर हाय,” एवढंच म्हणालीस. “तिथं जायाला माझ्याकडं नातं न्हाई. ओंकारकडं खोटं तरी चालतंय.” त्या दिवसापासून मी तुझ्याबरोबर कुरकुर न करता यायला लागलो. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता सांगतो. तू तिच्या पायरीवर बसलीस म्हणून.

गल्लीचं काय सांगू. ही पोरं आपल्याकडं यायला लागली तेव्हा हीच गल्ली काय म्हणत होती? समोरचीनं ग्रिलला कुलूप घातलं. पलीकडच्यानं सायकल आत घेतली. “काकू, समाजसेवा करा, पण आमच्या दारात कशाला?” दिवाळीला ओंकार फराळाला आला, तर कुणीतरी पोलिसांना फोन केला. हवालदार आला, त्याला तू चकली दिलीस. आणि आता? तीच समोरची माझ्या दारात छाती बडवून रडली, “देवी होती हो, देवी!” मी आत जाऊन चूळ भरून आलो.

रक्षाविसर्जनाला गर्दी मावेना. शेणींची राख अजून गरम, धूर नाकातोंडात, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी कॉलरला छोटा माईक लावला. समाजाची हानी, पोकळी, दीपस्तंभ. तुला ते ‘शालिनीताई’ म्हणाले. एकदा नव्हे, दरवेळी. कुणी दुरुस्त केलं नाही. मला वाटलं, मूठभर राख घ्यावी आणि त्या माईकात भरावी. लेकीनं माझा हात धरून ठेवला.

तुझी पोरं मागं उभी होती, आपल्या सोयऱ्यांच्या रांगेत, डोक्याला रुमाल बांधून. कुणी बोलावलं नव्हतं. मुरगूडाहून तुझा भाऊ आलेला. तो माझ्या कानाला लागला.

“दाजी, ही पोरं कोण?”

“भाचे.”

“तुमचे?”

“तुझ्या बहिणीचे.”

तो घोटाळला. बोटं मोजायला लागला. “माझ्या बहिणीचा भाचा म्हंजे माझाच पोरगा की वो!”

“असंल,” मी म्हटलं. “तूच आठवून बघ.”

शालन, तुझ्या राखेसमोर मला हसू फुटलं. लोकांनी बघितलं. डोकं फिरल्याची बोंब बहुतेक तिथूनच सुरू झाली. पण तू असतीस तर तूही पदराआड हसली असतीस, आणि मग भावाला लाडू देऊन गप्प केलं असतंस.

आता त्या भांडणाकडं येतो, जे अर्धं टाकून तू गेलीस.

ओंकारची सोयरीक जयसिंगपूरला ठरली. वायरमनचं काम शिकला, पोरगं मार्गी लागलं, सगळं खरं. साखरपुड्याला तू मावशी म्हणून मिरवलीस, तिथंही चहाला नाव ठेवलंस आणि त्या पोरीनं तुला लगेच दुसरा कप करून दिला. मी जेवलो, पण घास फिरत होता. घरी आल्यावर मी म्हटलं, “पोरीच्या बापाला सांगितलंय का?”

“काय?”

“काय म्हणून काय इचारतीस? गज. डोळा. रिमांड होम.”

“न्हाई.”

“मग ही फसवणूक हाय. वस्तीतल्या नळावरच्या बायकांशी खोटं बोललीस, चाललं. सोयरिकीत चालत न्हाई. तू सांग, न्हाईतर मी सांगतो.”

“तुमी कोण सांगणार?” तू लोखंडागत तापलीस. “कायद्यानं ते मिटवून टाकलंय, आणि तुमी उकरणार? सांगायचं असंल तर तो सांगंल. त्याला तोंड हाय. आपुन पावणं. पावण्यानं घरातलं बोलायचं नसतंय.”

“आणि त्यानं न्हाई सांगितलं तर?”

तू म्हणालीस, “सांगंल.” मी म्हटलं, “कशावरनं?” आठवडाभर हेच चाललं. मी जेवताना काढायचो, तू ताटात आमटी जास्त वाढून विषय बदलायचीस. मग एका दुपारी तू गेलीस आणि ‘कशावरनं’ तसंच राहिलं. माझं बरोबर होतं, अजून म्हणतो. आता कुणाशी म्हणू?

तिसऱ्यानंतर लेक सासरी गेली, दहाव्याला येते म्हणून. घरात मी एकटा, आणि दिवसभर ओंकार येऊन बसायचा. सतरंजी झाडायचा, येणाऱ्यांच्या चपला सरळ लावायचा. तेवढ्यात जयसिंगपूरहून पोरीच्या बापाचा फोन. एसटीत ड्रायव्हर होते, आवाज खणखणीत. “पावणं, लई वाईट झालं. जावयाची मावशी म्हंजे आमचीच. उद्या सकाळी येतो भेटायला.” नको कसं म्हणायचं? दुखवट्याला येणाऱ्याला नको म्हणत नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला बाहेर पडतो तर गल्लीच्या तोंडाला हा फ्लेक्स. गल्लीच्या तरुण मंडळाचा बंड्या शिडीवर, शेवटचा दोर बांधत. हाच बंड्या, लहानपणी आपल्या घरी मोदकाचं सारण चोरून खायचा. मला बघून खाली उतरला, पाया पडला.

“काका, डिझाईन करताना डोळ्यातनं पाणी येत हुतं. खरंच.”

“हा ओंकारचा फोटो कुठनं आणलास?”

“त्याच्या स्टेटसवरनं घेतला. साखरपुड्यातला. भारी आलाय न्हवं?”

शालन, गोलात ते पोरगं फेटा बांधून, कपाळाला टिळा लावून हसत होतं. आणि डोक्यावर लिहिलेलं, गुन्हेगारीच्या चिखलातून.

“फोटो तेवढा काढ,” मी म्हटलं. “असल्या पोरांचं नाव छापायचं नसतंय. कायदा हाय.”

“काका!” तो खरोखर दुखावला. “आमी काय बदनामी केली व्हय? कौतुक केलंय!”

“मला कळतंय बाबा. पण त्याचं सासर येणार हाय आत्ता. ह्याच खांबाखालनं.”

“मग तर बरंच की! बघू देत, जावई कुठनं कुठं आलाय.” वर मला सांगतो, “उतरवता येत न्हाई काका. साहेबांचा फोटो हाय त्यावर. संध्याकाळी शोकसभंला येणार हाईत. ओंकारला दोन शब्द बोलायला ठेवलंय.”

चिखल फेकणाऱ्याला शिवी देता येते. हार घालायला आलेल्याचं काय करायचं? आधी ह्याच लोकांनी ग्रिलला कुलपं घातली. आता ते त्याला हिरा म्हणणार, पण चिखल लिहिल्याशिवाय हिरा म्हणणार नाहीत. चिखलाशिवाय त्यांना त्या पोरात काय दिसतच नाही. त्यांच्या रागात जेवढी घाण होती, तेवढीच कौतुकात आहे, वर सुगंधी अगरबत्ती लावलेली. मला ओकारी आली, खरंच गटारीकडं वाकलो मी.

बंड्या चहाला गेला. शिडी तिथंच होती. मी घरातनं विळा आणला आणि चढलो. खालून कुणीतरी ओरडत होतं, “आजोबा, पडशिला!” एका बाजूचा दोर कापला, मग शिडी ओढत नेऊन दुसऱ्या बाजूचा. फ्लेक्स खाली आला तो तोंडावर. तुझं तोंड रस्त्यावर उपडं, आणि मागचं पांढरं कापड वर. तेवढं मात्र मला बघवलं नाही. तुझ्यासाठी उतरवला आणि तुलाच पाडली. धूळ झटकून, तुझा चेहरा आत ठेवून मी त्याची गुंडाळी केली आणि ओढत घरी आणली. लोक मोबाईलवर काढत होते. काढू देत.

घाम पुसतोय तोवर पाहुणे आलेच. बाप, आई आणि ती पोरगी. पोरगी हट्टानं आलेली. रीतीप्रमाणं बसलो. बापानं माझा हात धरला, आईनं तुझ्या फोटोला हात जोडले. ओंकार भिंतीपाशी. मी सवयीनं म्हटलं, “चहा टाकतो.” बाप म्हणाला, “नको पावणं, सुतक हाय.” बरोबरच होतं. दहावा होईपर्यंत आपल्या घरचं पाणी आपणच प्यायचं, बाहेरच्यानं नव्हे. मी विसरलोच होतो. सगळं बरं चाललेलं. मला वाटलं, निभावलं.

आणि बंड्या आला. दारातनंच, डोळे लाल.

“काका, साहेबांच्या तोंडावर पाय देऊन गेला तुमी! कशापायी? ओंक्याचा फोटो हुता म्हणून? आमी त्याला हिरा म्हटलं आणि तुमी फाडला?”

बापानं विचारलं, “कसला फोटो?”

बंड्यानं बापाकडं बघितलं, मग फेट्यातल्या त्या फोटोतलं पोरगं समोर बसलंय हे बघितलं, आणि त्याला उशिरा का होईना कळलं. चप्पल न घालताच गेला.

बाप माझ्याकडं वळला. “पावणं, कसला फोटो?”

शालन, माझ्या ओठावर होतं. आठवडाभर जे तुझ्याशी भांडलो, ते बोलायची वेळ समोर येऊन बसलेली. एक वाक्य बोललो असतो तर मी जिंकलो असतो, आणि तू उलटून बोलायलाही नव्हतीस. मी ओंकारकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, मी बोलणार म्हणून मान आधीच खाली घालायला लागलेला. बाकड्यावर बसलेल्या पोरांची मान तशीच असायची असं तू सांगायचीस.

मी म्हटलं, “मला न्हाई ठावं. त्याला इचारा.” आणि उठून स्वयंपाकघरात गेलो. करायला काय नव्हतं म्हणून पातेल्यात पाणी ठेवलं.

आतनं ऐकत होतो. मग पोराचा आवाज, कोरडा.

“मी रिमांड होमला हुतो. मारामारीत एका पोराच्या तोंडावर गज घातला. त्याचा डोळा गेला. दुसऱ्या कुणी न्हाई, मीच घातला. मावशी माझी सख्खी-चुलत कोण नव्हती. तिकडनं सुटल्यावर माझ्या घरी येणारी ती एकटीच हुती.”

तुझं खरं झालं. त्यानंच सांगितलं. पण मला बरं वाटलं नाही, शालन. त्याला ते असं सांगावं लागलं, सुतकाच्या घरात, रडायला आलेल्या माणसांपुढं, ते पण बंड्याच्या कौतुकानं कोपऱ्यात रेटल्यावर. त्याच्या वेळेनं, त्याच्या जागी सांगू दिलं नाही आम्ही त्याला. मी पातेल्यात साखर टाकत राहिलो. किती टाकली देव जाणे.

बाहेर आलो तर बाप उभा होता. मोठा माणूस, पण हात कुठं ठेवावा कळत नव्हतं.

“तुमाला ठावं हुतं,” मला म्हणाला.

“व्हय.”

“आणि आमच्या पंगतीत बसून जेवला.”

“जेवलो.”

तुझ्याकडं दुसरं उत्तर असतं का? बाप बायकोला म्हणाला, “चल.” पोरीला म्हणाला, “चल गं.” आई पदर तोंडाला लावून बाहेर पडली. बाप उंबऱ्याबाहेर जाऊन चपला शोधायला लागला. ओंकारनं सवयीनं त्या सरळ लावून ठेवलेल्या होत्या, तरी त्याला सापडेनात.

पोरगी उठली नाही. ती भिंतीकडं बघत होती, ओंकारकडं नव्हे. त्याच्यावर चिडली होती, हे माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसलं. कान लाल झालेले. तिला आधी माहीत होतं का, मी विचारलं नाही. विचारणार पण नाही.

“काका,” ती म्हणाली, “आत चहा उकळालाय. उतू जाईल.”

मी आत पळालो. गाळला. एक कप भरला आणि कपाळावर हात मारून तसाच उभा राहिलो, की आता हा कुणाला? ती मागनं आली, माझ्या हातातनं कप घेतला आणि तिथंच कट्ट्याला टेकून प्यायला लागली. माझ्या तोंडून निघालं, “अगं पोरी, सुतक हाय.”

“ठावं हाय.”

पाकासारखा गोड झाला होता. तिनं तोंड वाकडं केलं, पण सगळा प्याली. ओंकार बाहेर तसाच बसलेला, त्याच्याशी एक शब्द नाही. बाप गल्लीतनं ओरडला, “आलीस का?”

ती मोरीपाशी खाली बसली, नळ सोडला आणि तितक्याच मोठ्यानं ओरडली, “कप इसळून येतो!”